पुंगळीचा हिशेब

सकाळी पावणेअकराला आमचा बँकिंगचा तास चालू असतो. सर फळ्यावर काहीतरी लिहीत असतात आणि फाटकाबाहेरून एखादी गाडी जाते. सर खडू हातात तसाच धरून थांबतात. आवाज पहिल्या वळणापर्यंत जातो, कमी होतो, पुन्हा चढतो, मग विरतो. सर वाक्य पुढे सुरू करतात. मागच्या बाकावरचे दोघे एकमेकांकडे पाहून हसतात, कारण गाडी कुणाची आणि 'पुंगळी' कितीला पडली हे त्यांना ठाऊक असते.

मीही हसणाऱ्यांपैकी होतो हे आधीच कबूल करतो, म्हणजे पुढचे वाचताना हा कुणी उपदेशक बोलतो आहे असा वाचकांचा गैरसमज व्हायला नको. माझ्या मावसभावाच्या गाडीला जो एक्झॉस्ट बसला, त्यात शिकवणीच्या पैशांतून साठवलेले माझे सहा हजार रुपये आहेत. त्या सहा हजारांचे काय झाले हे शोधताना मला जे कळले ते येथे मांडतो. वाणिज्य शाखेच्या मुलाने इंजिनावर लिहावे का, असे कुणी विचारील. पैसे गेले की कोणत्याही शाखेच्या मुलाला लिहिण्याचा अधिकार येतो असे माझे मत आहे.

दादा चंदगड तालुक्यातला. त्याचा काजूचा छोटा कारखाना आहे आणि सुट्टीत त्याच्या वह्या मी लिहितो. २०१८ च्या बनावटीची जुनी स्विफ्ट त्याने साडेचार लाखांना घेतली. पेट्रोलवर चालणारे १२०० सीसीचे इंजिन. कंपनीचे आकडे असे : ६००० फेऱ्यांना ८३ अश्वशक्ती आणि ४२०० फेऱ्यांना ११३ न्यूटन-मीटर टॉर्क. हे दोन आकडे वाचक सोबत ठेवतील तर पुढचा हिशेब सोपा जाईल.

गावातल्या गावात गाडी उत्तम होती. पण दादाचे दोन मित्र आणि आमचे एक काका यांनी त्याला पटवले की कंपनी मुद्दाम गाडीचा 'गळा आवळून' ठेवते. सायलेन्सर मोकळा केला की दहा-पंधरा अश्वशक्ती आपोआप सुटते. काकांचा शब्द वजनदार, कारण एके काळी त्यांच्याकडे आरएक्स १०० होती. त्या गाडीचा सायलेन्सर बदलल्यावर ती कशी उडत असे हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. दुकानदाराने अडतीस हजार रुपये सांगितले : इंजिनाला लागून बसणारा चार नळ्यांचा हेडर, मागे जाड पाईप आणि शेवटी चकचकीत डबा. जुना माल 'आम्हीच फुकट काढून घेऊन जातो' म्हणाला. आम्ही दोघांनी त्याचे आभारही मानले.

आधी काकांच्या बाजूने बोलतो, कारण काका खोटे बोलत नव्हते. आरएक्स १०० हे टू-स्ट्रोक इंजिन. त्यात धूर बाहेर सोडायला व्हॉल्व्ह नाही, सिलिंडरच्या भिंतीत भोक आहे. धुराचे भोक उघडे असतानाच ताजे मिश्रण आत येत असते आणि त्यातले बरेचसे धुराबरोबर बाहेर पळते. मग पाईपच मधे फुगीर आणि पुढे निमुळता केला, तर धुराच्या धक्क्याची लाट निमुळत्या टोकावर आपटून परत येते आणि पळालेले मिश्रण पुन्हा सिलिंडरात ढकलते. म्हणजे टू-स्ट्रोकमध्ये पाईप हा निम्मे इंजिनच आहे. पूर्व जर्मनीतल्या एमझेड कारखान्याच्या वाल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात ही गोष्ट इतकी घोटली की १९६१ पर्यंत त्यांचे १२५ सीसीचे शर्यतीचे इंजिन २५ अश्वशक्ती देऊ लागले. त्याच वर्षी त्यांचा स्वार एर्न्स्ट डेग्नर देश सोडून पळाला, सुझुकीला जाऊन मिळाला, आणि पुढच्याच वर्षी सुझुकीने ५० सीसी गटाचे जगज्जेतेपद मिळवले. एका पाईपच्या विद्येसाठी असे झाले आहे! तेव्हा काकांची आरएक्स १०० उडत होती यावर माझा पूर्ण विश्वास आहे. आपल्या भागात १९८५ ते १९९६ या काळातल्या त्या गाड्यांनी एक पिढी घडवली, आणि त्या पिढीने शिकवलेला धडा आपण चार स्ट्रोकच्या मोटारीला जसाच्या तसा लावतो. घोटाळा येथे आहे.

मोटारीच्या इंजिनात धुरासाठी वेगळा व्हॉल्व्ह असतो आणि पिस्टन स्वतः धूर ढकलून बाहेर काढतो. ६००० फेऱ्यांना प्रत्येक सिलिंडर सेकंदाला ५० वेळा धूर सोडतो. हा धूर नळातल्या पाण्यासारखा सलग वाहत नाही, ठोक्याठोक्याने जातो. प्रत्येक ठोक्याबरोबर दाबाची एक लाट निघते. नळी संपून मोकळी जागा आली की ती उलटी होऊन, म्हणजे ओढणारी लाट होऊन परत येते. व्हॉल्व्ह मिटायच्या ऐन वेळी ती पोचली तर सिलिंडरातला उरलासुरला धूर शोषला जातो आणि त्या जागी ताजी हवा जास्त भरते. चांगल्या हेडरचा सगळा फायदा या वेळ साधण्यात आहे.

आता वेळेचे गणित करू, अगदी ढोबळ. तापलेल्या धुरात लाट सेकंदाला सुमारे ५०० मीटर धावते. समजा, लाटेने जाऊन परत यायला क्रँकचे १२० अंश मिळतात. ६००० फेऱ्यांना १२० अंश फिरायला एक सेकंदाचा तीनशेवा भाग लागतो. तेवढ्यात लाट सुमारे १६७ सेंटिमीटर जाते. जाऊन-येऊन धरले तर नळीची लांबी ८३ सेंटिमीटर हवी. हेच गणित ३००० फेऱ्यांना केले की लांबी दुप्पट निघते. नळी तर एकाच मापाची बसणार. म्हणजे जी नळी वरच्या फेऱ्यांत हात देते ती खालच्या फेऱ्यांत वेळ चुकवते, कधीकधी उलट लाट पाठवून नडतेही. कंपनीचा अभियंता मधला कुठला तरी सौदा करतो. सौदा हा शब्द आम्हा वाणिज्यवाल्यांना समजतो : एका बाजूला जमा झाले की दुसऱ्या बाजूला नावे पडतेच.

गॅरेजांत या बाबतीत दोन पंथ आहेत. एक म्हणतो, जितके मोकळे तितकी ताकद. दुसरा म्हणतो, इंजिनाला 'मागचा दाब' हवाच, नाहीतर ओढ जाते. दुसरा पंथ अनुभवाने बोलतो पण कारण चुकीचे देतो. मागचा दाब कोणत्याही इंजिनाला नको असतो. पिस्टनला तो नुसता भारच आहे. पण फार जाड पाईप लावला की कमी फेऱ्यांत धुराचा वेग पडतो, लाटा मंदावतात, सिलिंडर नीट रिकामा होत नाही आणि ओढ कमी होते. माणसाला वाटते दाब गेला म्हणून ओढ गेली. खरे म्हणजे वेग गेला.

आणि ताकद व ओढ या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे तर आम्हाला कुणी सांगितलेच नव्हते. टॉर्कला फेऱ्यांनी गुणावे, ९५४९ ने भागावे, किलोवॅट मिळतात. दादाच्या गाडीचे पाहू. ४२०० फेऱ्यांना ११३ न्यूटन-मीटर, म्हणजे सुमारे ५० किलोवॅट, ६७-६८ अश्वशक्ती. ६००० फेऱ्यांना ८३ अश्वशक्ती, म्हणजे ६१ किलोवॅट. उलटे भागले की टॉर्क ९७ निघतो. ओढ केव्हाच उतरणीला लागलेली असते, केवळ फेऱ्या वाढल्या म्हणून अश्वशक्ती वाढलेली दिसते. दुकानदार जो आकडा सांगतो तो नेहमी या टोकाचा असतो. आपण रोज गाडी चालवतो ती दोन-अडीच हजार फेऱ्यांवर. तिथले काय, हे तो सांगत नाही आणि आपण विचारत नाही.

टर्बो असलेल्या गाडीची गोष्ट थोडी वेगळी, हे न्यायाने सांगायला हवे. तिथे धूरच चक्र फिरवतो, त्यामुळे चक्रापलीकडची वाट मोकळी झाली आणि इंजिनाच्या संगणकाची आज्ञावलीही नव्याने बसवली, तर खरोखर लक्षणीय फरक पडतो. साध्या श्वासाच्या छोट्या इंजिनात मात्र मागचा डबा आणि पाईप बदलून दोन-तीन अश्वशक्ती मिळाली तर पुष्कळ झाले.

उदार मनाने तीन धरू. अडतीस हजार भागिले तीन, म्हणजे एका अश्वशक्तीला १२,६६७ रुपये. सबंध गाडी साडेचार लाखांची. त्याला ८३ ने भागले तर एका अश्वशक्तीला ५,४२२ रुपये, आणि त्यात खुर्च्या, काचा, चाके, थंड हवा सगळे आले. हा हिशेब मी दादाला दाखवला तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. पण तेव्हा गाडीला पुंगळी बसून चार महिने झाले होते.

पहिल्याच दिवशी गाडी वेगवान वाटली. मलाही वाटली. नंतर लक्षात आले की कान हे फार लबाड यंत्र आहे. आवाज दणदणीत झाला की वेग वाढल्यासारखा वाटतो. दुसरे असे की खालची ओढ कमी होऊन साडेतीन हजारांच्या वर गाडी एकदम उसळते. त्या उसळीला आपण ताकद म्हणतो. खड्ड्यातून वर आलेल्या माणसाला सपाट जमीनही उंच वाटावी, तसे.

आठवड्याभरात पुढे पिवळा दिवा लागला. येथे आणखी एक गोष्ट कळली. मूळ गाडीत इंजिनाला लागूनच एक जाळीदार डबा असतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. आपल्या देशात १९९५ मध्ये तो चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना सक्तीचा झाला. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचा पातळ लेप असतो, आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले इंधन व नायट्रोजनची ऑक्साइडे तिथेच बरीचशी निरुपद्रवी होतात. त्याच्या पुढे-मागे दोन सेन्सर असतात. नव्या हेडरमध्ये तो डबाच नव्हता, म्हणून मागचा सेन्सर ओरडत होता. दुकानदार म्हणाला, 'दिवा बंद करून देतो, दीड हजार.' आजार तसाच ठेवून थर्मामीटर फोडायचे दीड हजार! आणि जो 'जुना माल' तो फुकट घेऊन गेला होता, त्यात हे तीन मौल्यवान धातू होते. भंगारवालेसुद्धा त्याला वेगळा भाव देतात. वह्या लिहिणाऱ्या मुलाने ही मालमत्ता शून्य किमतीला सोडली, याची लाज मला अडतीस हजारांपेक्षा जास्त वाटते.

पेट्रोलची नोंद मी आधीपासून ठेवत होतो. पूर्वी लिटरला साडेअठरा किलोमीटर पडत, नंतर सतराच्या खाली आले. काही दोष दादाच्या पायाचा. आवाज ऐकायला तो उगाच पाय दाबत असे. पण हेडरचा जोडही नीट बसला नव्हता. धुराच्या दोन ठोक्यांच्या मधे तिथून बाहेरची हवा आत ओढली जाई, पुढच्या सेन्सरला वाटे की इंधन कमी पडते आहे, आणि संगणक बिचारा प्रामाणिकपणे जास्त पेट्रोल सोडत असे.

हे सगळे पैशाचे. गेल्या मे महिन्यात जे झाले ते वेगळे आहे. म्हापशाहून परत येताना तिलारी घाट चढत होतो. हा घाट अरुंद आणि फार उभा आहे, ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको. गाडीत दादा, मी, मावशी, दादाची दोन लहान मुले आणि मागे सामान. एका वळणावर पुढची जीप थांबली, आम्हीही थांबलो. पुन्हा उचलताना गाडी घुमली, थरथरली आणि बंद पडली. मागे घसरली. फार नाही, हातभर असेल. दादाने हँडब्रेक ओढला. दुसऱ्या वेळी त्याने चार हजार फेऱ्यांवर इंजिन नेऊन क्लच सोडला, तेव्हा सगळा घाट दणाणला आणि गाडी जळक्या वासासकट वर निघाली. याच जागी, एवढ्याच माणसांना घेऊन, ही गाडी त्याआधी कितीतरी वेळा मुकाट चढली होती. धाकटी मुलगी रडत होती. मावशी वर येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. मग म्हणाली, "आधी ही गाडी बोलत नव्हती, चढत होती. आता नुसती बोलते."

तिथून मी दादाला बेळगावला उद्यमबागेकडच्या एका वयस्क मेस्त्रींकडे आणले. त्यांनी गाडी उभ्यानेच ऐकली, बॉनेटही उघडले नाही, आणि म्हणाले, "बरी सद्दु, पिकप इल्ल." दादा खूश! त्याला वाटले आवाज बरा आहे म्हणतात. मी कानडीत 'बरी' म्हणजे 'नुसता' असे समजावले तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. नुसता आवाज, पिकअप नाही. कानडी विभागाच्या वाचकांना हे भाषांतर लागणार नाही. आमच्या विभागाने मात्र ते जपून ठेवावे.

आता कायद्याचे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चा १२० वा नियम प्रत्येक गाडीला आवाज दबवणारा सायलेन्सर असलाच पाहिजे म्हणतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, आवाज आणि हवेच्या प्रदूषणाबद्दल दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, परवानाही तीन महिने जातो. बऱ्याच शहरांत पोलीस जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यावरून रोलर फिरवतात आणि दुसऱ्या दिवशी छायाचित्र छापून येते. मला या देखाव्याबद्दल तक्रार आहे. रोलरखाली जातो तो विकत घेणाऱ्याचा डबा. विकणारा त्याच संध्याकाळी दुकानात दिवा लावून बसलेला असतो, आणि ज्याचा चिरडला तोच त्याचे पुढचे गिऱ्हाईक. दंड हवाच, आवाजाने ज्यांची झोप मोडते त्यांनी का सोसावे? दादाच्या गल्लीत एक बाळंतीण होती. रात्री अकराला आमची गाडी शिरली की तिचे मूल दचकून उठे, हे तिच्या सासूने मावशीला सांगितले आणि मावशीने आम्हाला. पण दंडाच्या भीतीने मुलगा फक्त चौक चुकवायला शिकतो. त्याला फसवले गेले आहे हे त्याला कळत नाही.

माझी मागणी साधी आहे. डायनोमीटर नावाचे यंत्र असते. गाडी रुळांवर उभी करून इंजिन हजारापासून सहा हजारांपर्यंत नेले की टॉर्कची रेघ कागदावर उमटते. जो कुणी 'दहा हॉर्सपॉवर वाढेल' म्हणतो त्याने याच गाडीची आधीची आणि नंतरची अशी दोन्ही रेघा द्याव्यात, आणि आपण शेंडा न पाहता डावीकडचा भाग, दोन-तीन हजारांचा, आधी पाहावा. सोन्याच्या दुकानात तराजू मागायला आपण लाजत नाही. आमच्या विज्ञान शाखेच्या मित्रांनी स्नेहसंमेलनात हे नुसते फळ्यावर जरी समजावले तरी फाटकाबाहेरचे निम्मे डबे उतरतील अशी माझी कल्पना आहे. उरलेले निम्मे आवाजासाठीच लावलेले असतात. ते ताकदीचे नाव तरी पुढे करणार नाहीत.

दादाने आता मूळ हेडर, कन्व्हर्टर आणि सायलेन्सर पुन्हा बसवायचे ठरवले आहे. नव्या सुट्या भागांचा भाव ऐकून आम्ही दोघे दुकानाबाहेर येऊन चहा प्यायलो. जुनी गाडी मोडणाऱ्याकडून मिळतो का ते पाहतो आहोत. पुंगळी उतरली की काजूच्या गोदामात जाईल; तिला गिऱ्हाईक मिळाले तरी विकायची नाही असे मावशीने सांगितले आहे.

राहिला वहीचा प्रश्न. अडतीस हजार कोणत्या खात्यावर टाकू, असे मी दादाला विचारले. दुरुस्ती म्हणावे तर दुरुस्त काही झाले नाही, आणि मालमत्तेत धरावे तर तिची किंमत उणे आहे. दादा म्हणाला, "जाहिरात खर्चात टाक. सगळ्या तालुक्याला ऐकू गेलं." माझ्या सहा हजारांबद्दल तो अजून काही बोललेला नाही.